केस जुनी, कायदा नवा: मग लागू कुठला?

औशाहून एका श्रोत्याने विचारलंय: "भावावर 2022 ची मारामारीची केस चालू आहे. नवे कायदे आले, आता सगळं पहिल्यापासून का?"

नाही, दादा. दोन गोष्टी वेगळ्या धरा.

पहिली, शिक्षा. ती गुन्ह्याच्या दिवशीच्या कायद्याप्रमाणेच. नंतर वाढलेली शिक्षा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही. संविधानाचं कलम 20(1) आडवं येतं.

दुसरी, खटला चालवायची पद्धत. ती बदलली तर सहसा चालू खटल्यालाही लागते. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी साक्ष देण्याची मुभा 1955 च्या दुरुस्तीने मिळाली. अनंत गोपाळ शेवडे यांचा खटला त्याआधीचा, तरी 1958 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ती मुभा दिली. जुन्याच पद्धतीवर कुणाचा हक्क नसतो, असं कोर्ट म्हणालं.

पण संसद वेगळं ठरवू शकते, आणि या वेळी तसंच झालं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 531 सांगतं: 1 जुलै 2024 ला जे तपास आणि खटले चालू होते, ते जुन्या सीआरपीसीनेच पुढे जातील.

म्हणजे भावाची केस जिथे आहे तिथूनच पुढे. वकिलांना भेटाल तेव्हा दोन तारखा सोबत ठेवा: गुन्ह्याची आणि एफआयआरची.