पोट पुन्हापुन्हा का दुखते?

कल्याणच्या बाजारात भाजीच्या गाड्या पहाटेच लागतात. उल्हास नदीच्या आणि काळू नदीच्या काठची माणसे भेंडी, मेथी, काकडी घेऊन अंधारातच घर सोडतात. त्यांतलेच एक भाऊ आमच्या साक्षरता वर्गाला येत असत. वय ४५. अंगाने काटक, आवाज खणखणीत. पण धडा वाचता वाचता मधेच थांबायचे, पोटाला हात लावायचे आणि जरा दम खाऊन पुढची ओळ धरायचे.

"काय हो भाऊ, काय होतंय?"

"काही नाही गुरुजी. नेहमीचंच. कळ येते, जाते."

नेहमीचंच! हा शब्द आम्ही फार घरांतून ऐकला आहे. बैलाने दोन दिवस वैरण खाल्ली नाही, तर आपण गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. आपले पोट मात्र दोन दोन वर्षे दुखते आणि आपण म्हणतो, नेहमीचंच.

भाऊंचा दिवस कसा जातो ते आम्ही विचारले. पहाटे तीनला उठून कोरा चहा आणि विडी. बाजारात आणखी दोन वेळा चहा. पोटात अन्नाचा कण नाही. अकराच्या सुमाराला भूक मरून जाते, तेव्हा उभ्या उभ्या एक वडापाव. दुपारी दोनला घरी येऊन ताटभर भात आणि सुकटीचे तिखट कालवण, की लगेच आडवे. टोपल्या उचलून कंबर धरते, म्हणून दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी रोज एक, तीही उपाशीपोटी. शिवाय जमिनीचा दावा. सात वर्षे तारखाच चालल्या आहेत.

आता अशा दिवसात पोटाने काय करावे?

आपण खातो ते अन्न गळ्यातून एका पिशवीत उतरते. ही पिशवी बेंबीच्या वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते. तिला जठर म्हणतात. जठरात एक आंबट रस सुटतो. तो लिंबाच्या रसापेक्षाही कडक असतो. अन्न विरघळवायचे आणि अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मारायचे, ही त्याची कामे. मग तो पिशवीलाच का खात नाही? कारण पिशवीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत लेप असतो. आपण कुडाची भिंत सारवतो ना, तसाच. लेप शाबूत आहे तोवर भिंतीला धक्का नाही. लेप गेला की भिंत उघडी पडते, झोंबू लागते, आणि पुढे तिथे जखम होते. त्या जखमेला डॉक्टर अल्सर म्हणतात.

रस वर गळ्याकडे आला तर छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात. जेवून लगेच आडवे झाले की हे हटकून होते. भरलेली कळशी आडवी केली तर पाणी सांडणारच.

हा लेप कशाने जातो? पूर्वी डॉक्टरसुद्धा सांगत, की तिखट खाल्ल्याने आणि काळजी केल्याने अल्सर होतो. बरीच वर्षे सारे जग हेच मानत होते. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना रोग्यांच्या जठरात एक नागमोडी जंतू दिसला. १९८२ साली त्यांनी तो वाढवूनही दाखवला. लोकांना पटेना. एवढ्या कडक रसात जंतू जगेल कसा? तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी काय केले, तर त्या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. तपासून पाहिले तर जठर सुजलेले, आणि त्यात तेच जंतू. पुढे औषध घेऊन ते बरे झाले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. (असले प्रयोग तुम्हीआम्ही करायचे नाहीत, बरं का!)

हा जंतू आपल्या देशात पुष्कळ लोकांच्या पोटात असतो. सगळ्यांनाच तो त्रास देत नाही. ज्यांना देतो त्यांना डॉक्टर तपासून औषध देतात. बहुधा १४ दिवसांचे असते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून ते सोडू नये. उरलेले जंतू मग औषधाला दाद देत नाहीत.

लेपाचा दुसरा वैरी म्हणजे दुखण्यावरची गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही तिची काही नावे. गोळीने कंबर थांबते, पण लेप पातळ होतो. कित्येकदा पोट दुखतही नाही आणि आत रक्त वाहत असते. अशी गोळी दुकानातून मनाने आणून रोज खाऊ नये. मात्र कोणाला डॉक्टरांनीच हृदयासाठी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंदही करू नये. आधी विचारावे. विडी, तंबाखू, दारू यांनी लेपाला त्रास होतो आणि जखम भरून यायला उशीर लागतो. हे सांगितले तेव्हा भाऊंनी मान खाली घातली.

मग काळजीचा आणि पोटाचा संबंधच नाही का? आहे, चांगलाच आहे. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जखम पुरती बुजली नाही. बाहेरून थेट जठरापर्यंत भोक राहिले. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरांनी पुढे कित्येक वर्षे त्या भोकातून जठराचे काम पाहिले. मांसाचा, भाजीचा तुकडा दोऱ्याला बांधून आत सोडायचा आणि काही वेळाने ओढून पाहायचा! त्यांना असे दिसले, की तो तरुण चिडला, रागावला की अन्न जिरण्याचे काम बिघडते. १८३३ साली त्यांनी हे सारे पुस्तकात लिहिले.

आपल्या आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते. डोके आणि पोट यांच्यात सारखी निरोपानिरोपी चालते. भीती वाटली की जठर काम मंद करते आणि खालचे मोठे आतडे घाई करते. कोर्टात तारीख असली की सकाळी दोनदोनदा परसाकडे धावावे लागते, ते यामुळेच. एक दिवस असे झाले तर बिघडत नाही. पण घराचा हप्ता, जमिनीचा दावा, मुलीचे लग्न, नवऱ्याचे पिणे, अशी भीती रोजच मानेवर बसली तर आतडी हळवी होतात. दुसऱ्याला कळतही नाही एवढ्या वाऱ्याने अशा माणसाला कळ येते. कधी पातळ होते, कधी खडा होतो. परसाकडे जाऊन आले की थोडे बरे वाटते. रक्त तपासा, फोटो काढा, काहीच निघत नाही. मग घरचे म्हणतात, ढोंग आहे. तपासणीत काही निघाले नाही म्हणजे दुखत नाही, असे नव्हे. हे दुखणे खरे असते.

ढोंग हा शब्द बायकांच्या वाट्याला जास्त येतो. आसपासच्या गावांतून डोंबिवलीत घरकामाला जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. सकाळी घरचे सगळे उरकून निघायचे, चार घरची भांडी घासायची, आणि रात्री सर्वांच्या मागून उरलेसुरले खायचे. मधे भूक मारायला तंबाखूची मिश्री. पोटात मुरडा आला तर सांगणार कोणाला? या कल्याणातच १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचे मनात घेतले. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले. पुरुष डॉक्टरपुढे बायका दुखणे दाखवायला संकोचतात, म्हणून या देशाला बाई डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तिथे सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, वारल्या. आता बाई डॉक्टर पुष्कळ आहेत. तरी दुखणे पदराआड ठेवायची आपली सवय गेलेली नाही.

काही पोटदुखी मात्र एक दिवसही थांबवायची नसते. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होणे, उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखे काही पडणे, पोट फळीसारखे कडक होणे, यांत वाट पाहू नये. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे दिसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.) पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात एकदम जोराची कळ आली, तर तिला लगेच न्यावे. छातीखाली दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा, गाडी येते. कारण नसताना वजन उतरू लागले, घास गिळताना अडकू लागला, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच पोट दुखू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असते. कल्याणला महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय, आणि ठाण्याकडच्यांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, पोटावर डाग देणे, यात दिवस जातात आणि आतले दुखणे वाढते.

खाण्याविषयी लोक आम्हाला फार विचारतात. महागडे काही लागत नाही. पोट सहा-सात तास रिकामे ठेवू नये, ही मोठी गोष्ट. पहाटे निघणाऱ्याने निदान अर्धी भाकरी किंवा वाटीभर पेज घेऊन निघावे, चहा त्यानंतर. एकदम ताटभर खाण्यापेक्षा थोडे थोडे तीनचार वेळा खावे, आणि बसून, चावून खावे. रात्रीचे जेवण आणि अंथरूण यांत दोनतीन तास जावेत. तिखटाने जखम होत नाही, पण असलेल्या जखमेला ते झोंबते. तेव्हा ज्याला झोंबते त्याने कमी करावे. घरातल्या सगळ्यांनी अळणी जेवायचे कारण नाही. वाल, हरभरा यांनी पोट फुगत असेल तर ते रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवावेत. दूध प्याले की आग थांबते खरी, पण थोड्या वेळाने रस पुन्हा जोराने सुटतो. दूध अन्न आहे, औषध नव्हे. सोड्याच्या पुडीचेही तसेच, आणि रक्तदाब असलेल्यांनी ती रोज घेऊच नये.

आणि मनाचे काय? काळजी करू नका, असे आम्ही सांगणार नाही. हप्ता डोक्यावर असताना काळजी न करणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. पण रात्री अंथरुणावर एक हात बेंबीवर ठेवून दहा मिनिटे सावकाश श्वास घ्यावा. घेताना हात वर यावा, सोडताना खाली जावा. पोटाचा पीळ याने सैल पडतो. संध्याकाळी अर्धा तास चालावे. भरवशाच्या माणसाला मनातले सांगावे. तसे कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस नावाची सेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आता तुम्हाला लिहिता येते, त्याचा उपयोग करा. भाऊंना आम्ही एक वही दिली. वार, काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, दुखले की नाही, आणि त्या दिवशी काय घडले, एवढेच लिहायचे. पंधरा दिवसांनी वही अशी दिसत होती:

"सोमवार. उपाशी गेलो. चहा तीन. गोळी एक. दुखले."

"मंगळवार. तारीख होती. लई दुखले."

"गुरुवार. भाकरी खाऊन गेलो. कमी दुखले."

अक्षर वाकडेतिकडे होते, पण डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. कंबरेची गोळी बंद करून दुसरी दिली. दुर्बिणीने तपासणी झाली, जठरात लहान जखम आणि तो नागमोडी जंतू दोन्ही निघाले. १४ दिवसांचे औषध भाऊंनी एक दिवस न चुकवता घेतले. प्रत्येक गोळीपुढे वहीत खूण आहे.

दावा अजून मिटलेला नाही. तारखेच्या आदल्या रात्री पोट अजून कुरकुरते. पण भाऊ आता तांदळाची भाकरी फडक्यात बांधून बाजाराला नेतात आणि सातच्या सुमाराला टोपलीवर बसून खातात. विडी सुटायची आहे, ती दिवसाला चारवर आली आहे.