सायकल सहलीत जेवायचं कुठे? हिंगोली जिल्ह्यातल्या चार दिवसांचा हिशोब

लांबच्या सायकल सहलीचा विषय निघाला की लोक आधी गिअरचं विचारतात, मग टायरचं, मग मुक्कामाचं. जेवणाचं कुणी विचारत नाही. ‘रस्त्यात मिळेल की काहीतरी’ असं सगळेच धरून चालतात. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. म्हणून आज फक्त जेवणाबद्दल बोलू, आणि उदाहरणाला घेऊ हिंगोली जिल्हा.

हिंगोलीच का? हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाचच तालुके. सायकलवाल्यांच्या नेहमीच्या नकाशावर हा भाग नसतो, त्यामुळे ‘इथे हे खा, तिथे ते खा’ अशी तयार यादी मिळत नाही. जिथे यादी नसते तिथेच शोधायची पद्धत शिकता येते. आमचा रस्ता साधा होता. नांदेडला रेल्वेतून उतरायचं, तिथून वसमत, मग शिरड शहापूरवरून औंढा, औंढ्याहून हिंगोली आणि नर्सी, आणि परत येताना कळमनुरी, आखाडा बाळापूरवरून नांदेड.

आधी चूक सांगतो

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं हिंगोलीहून सेनगावच्या बाजूला निघालो. जानेवारीची थंडी होती. पोटात चहा आणि दोन टोस्ट. मोबाइलच्या नकाशात पुढे एक धाबा दिसत होता, चार तारे मिळालेला. तिथे पोचलो तर शटरवर धूळ. बंद होऊन किती महिने झाले कोण जाणे. ‘पुढे मिळेल’ म्हणत आणखी दहा-बारा किलोमीटर रेटले. साडेअकराच्या सुमाराला आमच्यातल्या एकाचे हात थरथरायला लागले. तो विचारलं तरी बोलेना, आणि सायकल हळूहळू रस्त्याच्या मधे जायला लागली. मागून ट्रक येत होता. आम्ही ओरडलो, ट्रकवाल्याने ब्रेक मारला, म्हणून निभावलं.

शेजारच्या शेतात हळद काढणाऱ्या बाया होत्या. त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं आणि फडकं सोडून ज्वारीची भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी पुढे केली. आम्ही खाल्लं. पैसे काढले, तर एक मावशी म्हणाल्या, “भाकरीचे पैसे घेत असतेत का, दादा?” नंतर आमच्या लक्षात आलं, की ते त्यांचं दुपारचं जेवण होतं. आम्ही नीट ठरवलं नाही, म्हणून मजुरी करणाऱ्या बाईच्या वाट्याची भाकर आम्ही खाल्ली. ती गोष्ट आमच्या मनातून अजून जात नाही.

अंगात नेमकं काय होतं?

निवांत वेगाने सायकल चालवली तरी मध्यम वजनाच्या माणसाला तासाला ढोबळमानाने 400 ते 500 कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण 400 ते 500 ग्रॅम असते. म्हणजे जेमतेम 2000 कॅलरी. त्यात रात्रभराच्या उपाशीपणात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. मेंदूला साखर कमी पडायला लागली की चिडचिड होते, हात कापतात, निर्णय चुकतात. म्हणून दोन तासांच्या वर चालवायचं असेल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 च्या आसपास. वसमत, अर्धापूरचा पट्टा केळीचाच आहे, तेव्हा मागच्या पिशवीत चार केळी आणि गुळाचा खडा नसेल तर दोष आपलाच.

‘हॉटेल’ म्हणजे काय?

आपल्याकडे गावाकडे ‘हॉटेल’ या एका शब्दात चार वेगळ्या जागा येतात, आणि प्रत्येकीची वेळ वेगळी. एक, चहाची टपरी. ती पहाटे उघडते. दोन, नाश्त्याचं हॉटेल. पोहे, भजे, आलूवडा, पुरी-भाजी, कुठे सुशीला. इथला माल सकाळी ताजा असतो, दहानंतर उरलेला. तीन, खानावळ. साधारण अकरा ते तीन आणि पुन्हा संध्याकाळी. वरण, भाजी, भाकर किंवा पोळी. चार, धाबा. तो खरा जागा होतो संध्याकाळी. सकाळी आठला धाब्यावर गेलात तर कालची शेवभाजी मिळेल. दुपारी चारला खानावळीत गेलात तर भांडी घासणारी मंडळी भेटतील. जागा वाईट नसते हो, आपली वेळ चुकलेली असते.

चांगली जागा ओळखायची कशी? ‘जिथे ट्रक उभे तिथे जेवण चांगलं’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. ट्रक मोकळी जागा, पाणी आणि रात्रीची झोप बघूनही थांबतात. आम्ही त्याऐवजी बघतो, की रोज तिथेच कोण जेवतं. हिंगोली आणि वसमत हे हळदीचे मोठे बाजार. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काढणी, शिजवणी, वाळवणी झाली की उन्हाळ्यात बाजार भरात येतो. तेव्हा शेतकरी माल घेऊन येतात, हमाल दिवसभर पोती उचलतात. हमालाला पोटभर लागतं, वेळेत लागतं आणि स्वस्त लागतं. शिवाय तो उद्याही येणार असतो, म्हणून खानावळवाल्याला त्याला फसवून चालत नाही. सायकलवाल्याची गरज याहून वेगळी आहे का? म्हणून गावात शिरलो की आम्ही मोंढ्याकडे किंवा एसटी स्टँडकडे वळतो. कंडक्टर, हमाल, पंक्चरवाला यांना विचारतो.

विचारण्यातही फरक आहे. ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारलं की लोक आपले कपडे बघून एसी असलेलं दाखवतात. ‘तुम्ही कुठं जेवता?’ असं विचारा, उत्तर बदलतं. आत गेल्यावर ‘काय काय आहे?’ विचारू नका, यादी ऐकायला मिळेल. ‘आत्ता गरम काय आहे?’ विचारा. आणि एक नजर चुलीकडे टाका. दोन-तीनच भांडी उकळताहेत आणि भाकर समोर थापली जातेय, तर खुशाल बसा.

देवस्थानं आणि उपवास

या मुलखात खाण्याचं वेळापत्रक पंचांगही ठरवतं. औंढ्याला नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांत गणना होणारं. सोमवारी, त्यातही श्रावणात, गर्दी मोठी. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला तिथे वारकऱ्यांची रीघ लागते. अशा दिवशी भाकरी-भाजी शोधत हिंडण्यापेक्षा साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, केळी घ्यावीत. सायकलसाठी साबुदाणा वाईट नाही, कर्बोदकंच आहेत ती. भगरीबाबत मात्र सावध राहा. सुट्ट्या, दळून ठेवलेल्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून अधूनमधून येत असतात. ओलसर पिठाला बुरशी लवकर धरते. भगर भातासारखी शिजवलेली असेल तर घ्या, पिठाची भाकर अनोळखी ठिकाणी टाळा.

आणि नांदेडला उतरलात तर हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जरूर जेवा. नामदेवांच्या 61 रचना गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नर्सीकडे जाणाऱ्या सहलीची सुरुवात पंगतीत बसून व्हावी, हे आम्हाला फार बरं वाटलं. डोकं झाकायचं, पान टाकायचं नाही, आणि वेळ असेल तर जेवल्यावर ताटं घासायला बसायचं.

संध्याकाळचं जेवण

रात्रीचं जेवण अंधार पडायच्या आत ठरलेलं असावं. अकोला-नांदेड महामार्गावर अवजड वाहतूक असते. थकलेल्या पायांनी अंधारात धाबा शोधणं हा सहलीतला सगळ्यात धोक्याचा तास. आमच्यातल्या दोघी मैत्रिणींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काही धाब्यांवर सात-साडेसातनंतर पिणाऱ्यांचीच बैठक असते. ‘फॅमिली’ अशी पाटी आहे एवढ्यावर जाऊ नये. आत खरंच कुटुंबं बसलीत का, हे बघावं.

यावर आमचा उपाय अगदी साधा आहे. आदल्या रात्रीच पुढच्या गावच्या खानावळीचा नंबर लॉजवाल्याकडून घ्यायचा आणि सकाळी फोन करायचा. “चार माणसं, एक वाजता, भाकर आणि पिठलं.” भाकर हाताने थापायची असते, तिला वेळ लागतो. आधी सांगितलं तर खानावळवाल्या ताईंचा माल वाया जात नाही आणि आपल्याला गरम मिळतं. निघताना चार भाकरी आणि कोरडी चटणी बांधून घ्यायची. ही शिदोरी दुपारपर्यंत हमखास टिकते.

श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं, “एवढं आखून निघालं तर सहलीची मजा काय राहिली?”

प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की पोट भरलेलं असेल तरच मजेला जागा राहते. शेवटच्या दिवशी कळमनुरीच्या अलीकडे एका शेतात हुरड्याची आगटी पेटलेली दिसली. त्यांनी हाक मारली, आम्ही थांबलो. त्या वेळी आमच्या पिशवीत भाकरी होत्या, चटणी होती, केळी होती. ती आम्ही मधे ठेवली. त्यांनी हुरडा चोळून दिला, आम्ही केळी वाटली. तिसऱ्या दिवशी आम्ही नुसतेच घेणारे होतो. चौथ्या दिवशी पंगतीत आमचंही काहीतरी होतं.