पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभे राहिलेले

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांत मिळून सुमारे पावणेचार हजार वचनं आहेत. रोज दहा-अकरा वचनं वाचली तर वर्षभरात चारही शुभवर्तमानं वाचून होतात. हा हिशेब आधी सांगतो, कारण रोजचं मनन म्हटलं की पुष्कळांना वाटतं, त्याला तासभर वेळ हवा, घरात शांतता हवी आणि पाळकसाहेबांइतका शास्त्राभ्यास हवा. दहा वचनं मोठ्यानं वाचायला दोन मिनिटं लागतात. पुढची पंधरा मिनिटं त्या वचनांपाशी थांबायचं असतं. हे थांबणं कसं जमवायचं, तेवढंच इथं सांगायचं आहे. सोलापुरात पाणी यायचा दिवस असेल तर ही वेळ सकाळऐवजी संध्याकाळी काढावी. त्यानं काही बिघडत नाही.

आपल्याकडे हे वाचन सुरू झालं तेच मुळात मोठ्यानं. अमेरिकन मराठी मिशननं 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरला काम सुरू केलं. सोलापुरात ते 1860च्या दशकात आलं. मिशनच्या शाळा निघाल्या, पण घराघरांत वचन नेलं ते बायबल बायांनी. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याजवळ बसून त्या एखादा दाखला वाचून दाखवत. ऐकणाऱ्या मध्येच थांबवून विचारत, पुन्हा वाचायला लावत. मननाचा गाभा मला त्या विचारण्यात दिसतो. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नारायण वामन टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, पण 1919 साली ते गेले तेव्हा ते बरंचसं लिहायचं राहिलं होतं. ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी. येशूचं चरित्र मनात घोळवायला कुठली पदवी लागत नाही, हे आपल्या मराठी मंडळीत कधीच सिद्ध झालेलं आहे.

रोजचा भाग दोन तऱ्हांनी ठरवता येतो. एक म्हणजे एक शुभवर्तमान धरायचं आणि ओळीनं वाचत जायचं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मार्क घ्यावा. सोळाच अध्याय आहेत आणि घटना भराभर घडतात. दुसरी तऱ्हा उपासनेच्या वाचनक्रमाची. कॅथलिक वाचनक्रमात रविवारचं चक्र तीन वर्षांचं असतं: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात येतो. ज्या सनाला तीननं भाग जातो ते क वर्ष. म्हणून 2025 क होतं आणि 2026 अ. नवं वर्ष मात्र आदल्या सालच्या आगमनकाळापासून धरतात. आठवड्याच्या इतर दिवसांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं. सामान्यकाळात आधी मार्क, मग मत्तय, शेवटी लूक. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेक 1992च्या सामायिक वाचनक्रमातून वाचतात आणि रविवारच्या बाबतीत तोही याच तीन वर्षांच्या बेतावर उभा आहे.

कोणतीही तऱ्हा धरा, पण मधूनच एखादं आवडतं वचन उचलायची सवय लावून घेऊ नका. आवडीची वचनं आपल्याला आवडतं तेच सांगत राहतात.

आता एक भाग घेऊन बसू. मत्तय 20, वचनं 1 ते 16, द्राक्षमळ्यातले मजूर. हा दाखला फक्त मत्तयात आहे. दोनदा वाचायचा: पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा थांबत थांबत. शक्य असेल तर दुसऱ्यांदा वेगळ्या भाषांतरातून. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये मूळ इब्री आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं भाषांतर आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे आणि बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र तर घरात असतंच. ऐकून पाठ झालेला दाखला कानाआड जातो. भाषांतर बदललं की कान पुन्हा टवकारतो.

दुसऱ्या वाचनात आधी फक्त पाहायचं. अर्थ काढायला बसायचं नाही, जे लिहिलंय ते एकेक करून टिपायचं. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथं घाई झाली की पुढचं सगळं कोरडं होतं.

घरधनी पहाटेच मजूर बघायला बाहेर पडतो. एक दिनार रोज ठरवतो आणि त्यांना मळ्यात धाडतो. मग तो पुन्हा बाजारात जातो, तिसऱ्या ताशी. दिवस उजाडल्यापासून तास मोजायचे, म्हणजे आपले सकाळचे नऊ. पुन्हा बाराला, पुन्हा तीनला. शेवटी अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचला. नऊ वाजता आलेल्यांना त्यानं आकडा सांगितलेला नाही, जे योग्य असेल ते देईन एवढाच शब्द दिला आहे. म्हणजे मजुरीचा करार फक्त पहिल्या टोळीशी झाला. बाकीचे त्याच्या बोलण्यावर विश्वासून गेले.

पुढं संध्याकाळी तो कारभाऱ्याला बोलावतो. इथं थांबा. या माणसाकडे कारभारी होता! तरी पाचही वेळा नाक्यावर तो स्वतः गेला. पैसे वाटायचं काम त्यानं कारभाऱ्याला सांगितलं, माणसं शोधायचं नाही. कित्येक वेळा वाचूनही हे नजरेतून निसटतं.

आणि मजुरी द्यायची कशी? शेवटच्यांपासून सुरू करून पहिल्यांपर्यंत. उलट क्रमानं वाटली असती तर पहाटेचे मजूर आपला दिनार घेऊन समाधानानं घरी गेले असते, पाचवाल्यांना किती मिळाले ते त्यांना कळलंही नसतं. येशूनं गोष्ट अशी रचली आहे की त्यांना ते बघावंच लागतं. तक्रार उठते ती यातूनच. ते म्हणतात, आम्ही दिवसभर ऊन सोसलं आणि यांना आमच्या बरोबरीला आणून बसवलं. एप्रिल-मेमधलं सोलापूरचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला ही तक्रार खोटी वाटणार नाही. वाटूही नये. तक्रार करणाऱ्याच्या बाजूनं मनापासून उभं राहिल्याशिवाय हा दाखला उघडत नाही.

तिसरी पायरी, आजूबाजूचं वाचायचं. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे 1551 सालचे. मत्तयाच्या हातून उतरलेल्या मजकुरात यांतलं काही नव्हतं. म्हणून विसाव्या अध्यायाची भिंत ओलांडून मागं जायचं. 19:27 मध्ये पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुझ्यामागं आलो, तर आम्हाला काय मिळणार? येशू त्याला मोठं आश्वासन देतो आणि लगेच पहिले शेवटचे होतील असंही सांगतो. त्याच दमात हा दाखला सुरू होतो. पेत्र म्हणजे पहाटेचा मजूर. हे कळल्यावर दाखल्यातला ‘मित्रा’ हा शब्द कुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलाय ते दिसू लागतं.

वाचनक्रमाची एक गंमतही इथं कळते. आठवड्याच्या क्रमात हा दाखला सामान्यकाळाच्या विसाव्या आठवड्यातल्या बुधवारी येतो आणि पेत्राचा प्रश्न आदल्या दिवशी, मंगळवारी. रोज वाचणाऱ्याला धागा आपोआप सापडतो. रविवारच्या क्रमात तो अ वर्षी पंचविसाव्या रविवारी येतो, आणि त्याच्या आदल्या रविवारी क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला असतो. फक्त रविवारी ऐकणाऱ्याच्या कानावर पेत्राचा प्रश्न पडलेलाच नसतो.

मागच्या शास्त्रातही एकदा डोकवायचं. अनुवाद 24 मध्ये नियमशास्त्राची आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अडकलेला असतो. संध्याकाळचं वाटप ही घरधन्याची लहर नव्हती, ते नियमशास्त्राचं पालन होतं. आणि दिनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यापेक्षा कमी घेऊन घरी गेलेल्याच्या चुलीवर त्या रात्री काय शिजणार?

चौथी पायरी आपल्या गावाची. आपल्याला जे ठाऊक आहे ते मजकुराशेजारी ठेवायचं, पण मजकुरावर लादायचं नाही. द्राक्षमळा पाहायला सोलापूरकराला पॅलेस्टाईनपर्यंत जायला नको. बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. ‘सोनाका’ ही बिनबियांची जात तिथल्याच नानासाहेब काळ्यांची देणगी. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की एक-दोन दिवसांत डोळ्यांना पेस्ट लावावी लागते, नाहीतर डोळे सारखे फुटत नाहीत. त्या दिवसांत बागायतदार मजुरांसाठी वणवण फिरतो. म्हणून इथला वाचक चटकन म्हणेल की घरधन्याला घाई असणार, माल हातचा जाईल म्हणून तो पाच वेळा आला. पुष्कळ प्रवचनांतही हेच सांगतात. पण वचन पुन्हा पाहा. घाईचा शब्द नाही, काढणीचा नाही, माल खराब होण्याचा नाही. मळ्याची गरज कुठंच सांगितलेली नाही. गरज सांगितली आहे ती एकाच जागी आणि ती माणसांची आहे. तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे, असं तो विचारतो, आणि ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या घरांतला गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला, त्या घरांना हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. काम करायची तयारी होती, हात होते, कुणी लावलं नाही. विडी वळणाऱ्या घरात हाच दाखला आणखी वेगळा ऐकू येतो. तिथं मजुरी हजार विड्यांमागे असते, आणि तपासताना बाद झालेल्या विड्या वळणारीच्या अंगावर येतात. जितकं वळाल तितकं मिळेल, या हिशेबात आयुष्य गेलेल्या बाईला एका तासाला पूर्ण रोज देणारा धनी आधी अन्यायीच वाटेल. मग कधीतरी तिला आठवेल की ताप आला होता त्या दिवशी शंभरसुद्धा वळून झाल्या नव्हत्या आणि पोरांना भूक मात्र रोजच्याइतकीच लागली होती. अशा बाईनं या दाखल्यावर बोललेलं ऐकायला मिळालं, तर प्रवचनाची वही बाजूला ठेवून ते ऐकावं.

आता कुठं ‘यात माझ्यासाठी काय आहे’ हा प्रश्न. बहुतेक जण तो सुरुवातीलाच विचारतात आणि म्हणून उत्तर दरवेळी सारखंच येतं: देव दयाळू आहे, आपण समाधानी राहावं. शेवटी विचारला की प्रश्न टोकदार होतो. या दाखल्यात मी कोण? मंडळीत तीन पिढ्यांचं घराणं असलेला माणूस सहसा पहाटेचा मजूर असतो. मागच्या नाताळात पहिल्यांदा बाकावर येऊन बसलेल्याला कमिटीवर घेतलं की त्याच्या पोटात काय होतं, ते त्यानं प्रभूसमोर प्रामाणिकपणे सांगावं. तीच त्या दिवसाची प्रार्थना. सुंदर शब्दांची गरज नाही. घरधन्यानं तक्रार करणाऱ्याला हाकलून दिलं नाही, त्याच्याशी तो बोलला. आपणही बोलावं.

प्रार्थनेनंतर एक कृती ठरवावी, लहान आणि त्याच दिवशी होणारी. वरची अनुवादातली आज्ञा वाचल्यावर घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार पाच तारखेपर्यंत लांबत असेल, तर तो आज संध्याकाळी द्यावा. वहीत तीन ओळी लिहाव्यात: कोणता भाग, काय दिसलं, काय केलं. तिसरी ओळ काही दिवस कोरीच राहते. ती कोरीच ठेवावी, उगाच भरू नये.

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या कार्थुसी साधूनं या वाटेच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. इग्नाती लोयोलानं सोळाव्या शतकात प्रसंगात स्वतः जाऊन उभं राहायला शिकवलं, वास, आवाज, चेहरे सगळं धरून. दोन्ही वाटा उपयोगी आहेत. मात्र कल्पनेनं रंगवण्याआधी मजकुरात काय आहे ते पाहून घेतलेलं बरं, नाहीतर आपण आपलंच चित्र बघत बसतो. सकाळी फोनवर येणाऱ्या तयार मननांबद्दलही मला एवढंच म्हणायचं आहे की ती आपलं वाचन झाल्यावर उघडावीत. लिहिणाऱ्याला काय दिसलं ते आधी वाचलं की आपल्याला दुसरं काही दिसेनासं होतं.

घरात मुलं असतील तर वचनं वाटून द्यावीत. घरधनी एकानं वाचावा, मजूर दुसऱ्यानं, निवेदन आजीनं. मोठ्यांनी उपदेश करायचा नाही, फक्त विचारायचं की यात तुला काय पटलं नाही. मुलं पहाटेच्या मजुरांची बाजू हिरिरीनं मांडतात. मांडू द्यावी, त्याच दिवशी मिटवायची घाई करू नये.

उद्याचा भाग ओळीनं वाचणाऱ्यासाठी 20:17 ते 28 आहे. येशू यरुशलेमेच्या वाटेवर आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि लगोलग जब्दीच्या मुलांची, याकोब आणि योहान यांची, आई आपल्या दोन मुलांसाठी उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला येते. ज्यांचं घर आठवड्याच्या वाचनक्रमानं चालतं त्यांना दुसऱ्या दिवशी थेट बाविसाव्या अध्यायातली लग्नाची मेजवानी मिळेल. मधली ही वचनं तिथं उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी येऊन गेलेली असतात. त्यांनी आजच रात्री ती वाचून घ्यावीत. पेत्राला मिळालेलं उत्तर याकोब आणि योहानाच्या कितपत पचनी पडलं, ते तिथं आहे.