रक्ताचा जमाखर्च : लेखांक ६ वा – निम्म्या मात्रेचा प्रश्न

९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन उद्भवणारा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया पूर्वी काही वर्षांतच प्राणांतिक ठरत असे, आणि २००१ साली इमॅटिनिब हे औषध रुग्णांच्या हाती आल्यापासून तो रोजच्या गोळीच्या आधारे आवाक्यात राहू लागला, हे मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु मृत्यूचा तगादा टळल्यावर एक निराळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे : ही गोळी जन्मभर, आणि एवढ्याच मात्रेने, घ्यावयाची काय?

गोळी भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी लागते. तेव्हा श्रावणी सोमवार निष्ठेने पाळणाऱ्या शिरपूरच्या एखाद्या गृहिणीपुढे पथ्य आणि व्रत यांपैकी काय मोडावे, हा पेच श्रावणात दर आठवड्यास येतो. पापण्यांना सूज, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे आणि झोपेनेही न जाणारा थकवा ही कागदावर किरकोळ दिसणारी लक्षणे रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्याच्या मजुरीवर घाला घालतात. त्यात या औषधाने सावळ्या कातडीचा रंग फिकट होतो, गावात कोडाची कुजबुज सुरू होते, आणि आपल्या देशात ही व्याधी पाश्चात्त्यांपेक्षा तरुण वयात आढळत असल्यामुळे ती कुजबुज पुष्कळदा लग्नाच्या मुलीच्या वाट्याला येते.

मग 'आते बरं वाटस ना माले' असे मनाशी म्हणून कोणी गोळी एक दिवसाआड घेतो, कोणी पुरवून पुरवून वापरतो, आणि डॉक्टर रागावतील या भयाने त्याची वाच्यता करीत नाही. यास बेशिस्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वेदना कमी व्हावी ही इच्छा कृतघ्नपणा नव्हे. धोका त्या इच्छेत नाही, लपवण्यात आहे. कारण अर्धवट औषधाने रोग चोरपावलांनी वाढतो आणि साधी रक्तगणना पुष्कळ काळ निर्दोषच दिसते.

हीच इच्छा उघडपणे, तपासणीच्या पहाऱ्यात पार पाडली तर काय होते, याचा दाखला ब्रिटनमध्ये 'डेस्टिनी' नावाच्या अभ्यासाने २०१९ पर्यंत दिला. बराच काळ रोग काबूत असलेल्या १७४ रुग्णांची मात्रा प्रथम वर्षभर निम्म्यावर आणली गेली आणि त्यानंतर ती बंद करण्यात आली. निम्म्या मात्रेच्या त्या वर्षात केवळ १२ जणांत रोगाचे प्रमाण पुन्हा ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, आणि पूर्ण मात्रा सुरू करताच ते आटोक्यात आले. उलट पहिल्या तीन महिन्यांतच अनेकांचे दुष्परिणाम ओसरले. रोग जितका खोलवर दबलेला, तितके यश अधिक, असेही दिसले. त्याआधी २०१० साली फ्रान्समधील १०० रुग्णांच्या अभ्यासात औषध एकदम थांबवूनही सुमारे चाळीस जण वर्षअखेर रोगमुक्त राहिले. उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला.

म्हणूनच मात्रा कमी करण्याची मुभा देणारा हुकूम गुणसूत्रांच्या त्या अदलाबदलीतून बनणाऱ्या बीसीआर-एबीएल या जनुकाच्या पीसीआर तपासणीचा, आणि आरंभी ती तपासणी दरमहा व्हावी लागते. ही अट सोयीची नाही. नमुना नि अहवाल यांच्या खेपांत रोजगार बुडतो. तथापि मूल हवे असलेल्या स्त्रीस ही वाट मोलाची आहे, कारण गर्भारपणात ही गोळी वर्ज्य असते. याउलट काही रुग्णांना, डॉक्टरांनी सुचवूनही, गोळी सोडण्याचे धैर्य होत नाही. ज्या गोळीने मरणाच्या दारातून परत आणले ती हातची सोडणे त्यांना अशुभ वाटते, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करण्याचे काहीच कारण नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकास आधीच सांगून ठेवली पाहिजे. औषध पूर्ण थांबवल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे सांधे व स्नायू दुखू लागतात; रुग्ण घाबरतो, घरचे रात्रभर जागतात, आणि रोग परतला असे सर्वांस वाटते, परंतु अहवाल पाहावा तो स्वच्छ असतो आणि ते दुखणे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आपोआप मावळते.