निवडणूक समित्या, पक्षीय

निवडणूक समित्या, पक्षीय : विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी उमेदवार निवडणे, प्रचाराची आखणी करणे, निधी जमविणे व तो मतदारसंघांत पोहोचविणे, या कामांसाठी राजकीय पक्षाने राज्य पातळीवर नेमलेल्या समित्या. भारतात या कामांसाठी एकच एक स्वतंत्र संस्था नाही. प्रदेश निवडणूक समिती, छाननी समिती, प्रचार समिती, जाहीरनामा समिती आणि कोषाध्यक्षांचे कार्यालय यांत ती विभागलेली असतात. अमेरिकेत याहून वेगळी रीत आढळते. तेथे राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांसाठी दोन्ही मोठ्या पक्षांच्या खास संस्था असून त्यांचे जमाखर्च पक्षाच्या राष्ट्रीय समितीहून निराळे असतात. तेथील उमेदवार बहुधा प्राथमिक निवडणुकीतून येतो आणि समिती त्याच्या पाठीशी मागाहून उभी राहते. भारतात उमेदवारी देणारे आणि पैसा पुरविणारे हात एकाच गटाचे असतात. त्यामुळे या समित्यांचे महत्त्व त्यांच्या खर्चाच्या आकड्यांवरून पूर्णपणे कळत नाही.

उमेदवारी देण्याचा पक्षाचा अधिकार कायद्याच्या दृष्टीने दोन कागदांत सामावलेला आहे. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ अन्वये पक्ष ‘नमुना अ’ द्वारे आपल्या प्राधिकृत पदाधिकाऱ्याची नियुक्ती कळवितो व तो पदाधिकारी ‘नमुना ब’ द्वारे उमेदवाराचे नाव कळवितो. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे दोन्ही नमुने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले नाहीत, तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. यालाच बोलीभाषेत ‘एबी फॉर्म’ म्हणतात. काँग्रेसमध्ये प्रदेश निवडणूक समितीने शिफारस करावयाची, छाननी समितीने नावे गाळावयाची आणि केंद्रीय निवडणूक समितीने शिक्कामोर्तब करावयाचे, असा क्रम आहे. भारतीय जनता पक्षातही प्रदेश समितीच्या शिफारशीनंतर अखेरचा शब्द केंद्रीय निवडणूक समितीचा असतो. शिवसेनेत मात्र हा अधिकार दीर्घकाळ पक्षप्रमुखाच्या हाती एकवटलेला होता.

मुंबईचे वेगळेपण : १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या स्थापन करण्याचे ठरविले, तेव्हा मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांच्या मुंबई शहरासाठी स्वतंत्र समिती ठेवण्यात आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तरी ही समिती महाराष्ट्र प्रदेश काँग्रेस समितीत विलीन झाली नाही. ती पुढे मुंबई विभागीय काँग्रेस समिती म्हणून ओळखली जाऊ लागली. एका राज्यात दोन समित्या, हा प्रकार केवळ भाषेच्या कारणाने टिकला, असे मानणे कठीण आहे. देशातील गिरण्या, पेढ्या, शेअरबाजार व मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असल्याने येथील समितीकडे केवळ मुंबईच्याच नव्हे, तर इतर प्रांतांच्या निवडणुकांसाठीही निधी जमविण्याचे काम ओघानेच आले. भारतीय जनता पक्षानेही मुंबईसाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमण्याची पद्धत ठेवली आहे.

निधी आणि नेतृत्व यांचा संबंध स्वातंत्र्यापूर्वीच प्रकट झाला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत काँग्रेसच्या संसदीय कामाची सूत्रे वल्लभभाई पटेल यांच्याकडे होती. मुंबईच्या व्यापारी वर्गाकडून निधी मिळविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचे नेतेपद मुंबई समितीचे अध्यक्ष खुर्शेद नरिमन यांच्याऐवजी बाळ गंगाधर खेर यांना मिळाले. पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन खर्च केले, असा आरोप नरिमन यांनी केला. महात्मा गांधी व डी. एन. बहादुरजी यांनी केलेल्या चौकशीत तो टिकला नाही व नरिमन यांचे राजकीय जीवन झाकोळले. आरोपाची सत्यासत्यता बाजूला ठेवली, तरी शहराची समिती आणि वरिष्ठ संसदीय समिती यांच्या अधिकारांची हद्द कोठे संपते, हा प्रश्न या प्रकरणाने प्रथमच उघडपणे पुढे आणला.

स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांनी मुंबई काँग्रेसवर प्रदीर्घ काळ वर्चस्व गाजविले. त्यांच्या काळात समितीची दोन अंगे, म्हणजे वॉर्डावॉर्डातील कार्यकर्ते आणि उद्योजकांशी असलेले संबंध, एका हाती आली. पुढे १९७० नंतरच्या दशकात रजनी पटेल आणि १९८१ पासून सु. २२ वर्षे मुरली देवरा यांनी मुंबई समितीचे अध्यक्षपद भूषविले. या दोघांचीही ख्याती निधिसंकलनासाठी होती.

याच्या अगदी उलट उदाहरण संयुक्त महाराष्ट्र समितीचे आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुणे येथे स्थापन झालेली ही समिती अनेक विरोधी पक्षांची आघाडी होती. १९५७ च्या निवडणुकीत तिने घटक पक्षांत जागा वाटून दिल्या आणि सभांतून जमणाऱ्या लहानसहान वर्गण्यांवर व कार्यकर्त्यांच्या श्रमांवर भर देऊन प्रचार केला. पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसला तिने जबर धक्का दिला. मात्र हे यश चळवळीच्या बळावर मिळालेले होते. मागणी मान्य होऊन राज्य स्थापन होताच समितीतील एकोपा ओसरला. स्थायी कोष व स्थायी यंत्रणा नसलेली निवडणूक समिती किती काळ तग धरू शकते, याचे ते निदर्शक होय.

उपनगरे : अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा परिसर समित्यांच्या दृष्टीने प्रथम महत्त्वास आला तो व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या निवडणुकांमुळे. १९५७ व १९६२ मध्ये ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये आचार्य कृपलानी यांच्याविरुद्ध झालेल्या लढतीत स्वतः जवाहरलाल नेहरूंनी त्यांचा प्रचार केला. १९६७ मध्ये मात्र मुंबई समितीने ईशान्य मुंबईसाठी मेनन यांच्याऐवजी स. गो. बर्वे यांची बाजू घेतली. मेनन काँग्रेसमधून बाहेर पडून अपक्ष उभे राहिले आणि पराभूत झाले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले व पोटनिवडणुकीतही बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पराभव केला. जागतिक कीर्तीच्या नेत्यापेक्षा स्थानिक समितीची शिफारस व यंत्रणा वरचढ ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय. पण त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत या समितीचे सूत्रधार स. का. पाटील यांना तरुण जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले. तेव्हा समितीचे सामर्थ्य अजिंक्य होते, असे नव्हे.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने १९६७ च्या या निवडणुकीत बर्वे यांना पाठिंबा दिला होता. तिने शाखा, शाखाप्रमुख व विभागप्रमुख अशी जी उतरंड रचली, ती निवडणुकीपुरती नव्हती. नळाचे पाणी, शाळाप्रवेश, रुग्णालयातील खाट अशी कामे वर्षभर शाखेत होत आणि निवडणुकीच्या महिन्यात तीच शाखा प्रचारकार्यालय बनत असे. अशा शाखेचा खर्च निवडणूकखर्च म्हणून कोठेही नोंदला जात नाही. गणेशोत्सव मंडळे, दहीहंडी पथके व क्रीडामहोत्सव यांना पक्षनेत्यांकडून मिळणाऱ्या मदतीचेही तसेच आहे. घाटकोपर किंवा मुलुंडसारख्या भागांत व्यापारी मंडळे व ज्ञातिसंस्था, बोरिवलीत गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, भांडुप-विक्रोळीत कामगार संघटना हे समितीचे अघोषित साहाय्यक ठरत आले आहेत.

मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्यात विधानसभेचे २६ मतदारसंघ आहेत, तर मुंबई शहर जिल्ह्यात केवळ १०. उपनगरातील एका मतदारसंघात साधारणतः तीन लाखांच्या आसपास मतदार असतात. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत २०११ मध्ये १६ लाख, २०१४ मध्ये २८ लाख व २०२२ मध्ये ४० लाख रुपये करण्यात आली. २०२४ ची निवडणूक या अखेरच्या मर्यादेतच झाली. म्हणजे मतदारामागे तेरा-चौदा रुपये. एवढ्या रकमेत एक पत्रक छापून घरोघर पोहोचविणे आणि मतदानकेंद्रांवर प्रतिनिधी बसविणे जेमतेम शक्य होते. फलक, मोठ्या सभा, वर्तमानपत्रांतील व दूरचित्रवाणीवरील जाहिराती यांचा भार साहजिकच पक्षाच्या समितीवर पडतो.

निधीचे मार्ग : कंपन्यांनी राजकीय देणग्या द्याव्यात काय, हा वाद मुंबईतच न्यायालयापुढे आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात तशी तरतूद करण्यासाठी परवानगी मागितली. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने ती मान्य केली. तथापि हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकेल, असा इशारा देऊन त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. १९६० मध्ये कंपनी अधिनियमात मर्यादा घालण्यात आली आणि १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी आली. बंदीमुळे पैसा थांबला नाही. पक्षांच्या स्मरणिकांतील जाहिरातींच्या रूपाने काही रक्कम येत राहिली व उरलेली रोख, बेहिशेबी स्वरूपात येऊ लागली. १९८५ मध्ये बंदी उठविण्यात आली.

उद्योगसमूहांनी देणगी सरळ न देता न्यासामार्फत ठराविक सूत्रानुसार वाटण्याचा प्रयोग १९९६ मध्ये टाटा समूहाने केला. २०१३ च्या योजनेने अशा निर्वाचन न्यासांना नियमबद्ध रूप मिळाले. वर्षभरात जमलेल्या निधीपैकी ९५ टक्के रक्कम त्यांना पक्षांना वाटावी लागते. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकण्यात आली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. त्यांत देणगीदाराचे नाव मतदारास कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली व अमर्याद देणगीची मुभाही रद्द केली. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीचे मात्र देणगीदारनिहाय विवरण पक्षाला निवडणूक आयोगाकडे पाठवावे लागत नाही. मोठी रक्कम लहान तुकड्यांत दाखविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळाच राहिला.

खर्चाचा कायदा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या ७७ व्या कलमाने मर्यादा घातली ती उमेदवारावर, पक्षावर नव्हे. कंवरलाल गुप्ता खटल्यात ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्चही त्याच्याच नावे धरला. संसदेने लागलीच कायदा बदलून असा खर्च हिशेबातून वगळला. या पळवाटेवर १९९३ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणातच कठोर भाष्य झाले. अहमदनगर मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या गडाख-विखे पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराच्या खर्चावर बंधन आणि पक्षाचा खर्च जाळ्याबाहेर, अशी व्यवस्था वस्तुस्थितीशी जुळत नाही. १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवरील निर्णयाने पक्षांच्या हिशेबांना काहीशी शिस्त आली व २००३ च्या दुरुस्तीने विशिष्ट उमेदवारासाठीचा पक्षखर्च पुन्हा त्याच्या खात्यात आला. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च व पक्षाचा सर्वसाधारण प्रचार मात्र अजूनही बाहेर आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने पक्षाच्या एकूण प्रचारखर्चावरही मर्यादा घातली. भारतात तशी मर्यादा नाही.

यातील विसंगती उपनगरातील एका निकालाशी ताडून पाहता येते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत धर्माच्या आधारे मते मागितल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ही निवड रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पक्षनेत्याच्या भाषणाचे दायित्व उमेदवारावर आले. त्याच नेत्याच्या सभेवर पक्षाने केलेला खर्च मात्र त्या काळच्या कायद्याप्रमाणे उमेदवाराचा नव्हता.

प्रत्यक्ष देखरेख आता बरीच बारीक झाली आहे. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँकखाते उघडावे लागते. खुर्ची, मंडप, चहा, वडापाव यांचे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवितो व खर्चनिरीक्षकाची माणसे निराळी नोंदवही ठेवतात. पक्षाने उमेदवारास दिलेली रक्कम मर्यादेच्या आत व बँकेमार्फतच असावी, असे आयोगाचे निर्देश आहेत. उमेदवाराचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत, तर पक्षाचा विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत सादर करावा लागतो. उमेदवाराने हिशेब चुकविल्यास तो तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. पक्षावर तेवढी कठोर कारवाई करण्याची तरतूद नाही.

पक्षच दुभंगला, तर समिती, चिन्ह आणि कोष कोणाचे, हा प्रश्न २०२२ मध्ये अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीच्या वेळी उभा राहिला. जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली होती. ऑक्टोबरमध्ये आयोगाने धनुष्यबाण हे चिन्ह गोठवून उद्धव ठाकरे गटाला मशाल व एकनाथ शिंदे गटाला ढाल-तलवार ही चिन्हे तात्पुरती दिली. नवे चिन्ह अल्पावधीत घरोघर पोहोचविण्याचे काम ठाकरे गटाच्या शाखांना करावे लागले. भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली आणि ३ नोव्हेंबरच्या मतदानात ऋतुजा लटके विजयी झाल्या. दुसऱ्या क्रमांकाची मते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला पडली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटास दिले. चिन्हाबाबतचा हा आदेश मालमत्तेचा निवाडा करीत नाही. दादरचे शिवसेना भवन न्यासाच्या मालकीचे असल्याने ते ठाकरे गटाकडे राहिले, तर उपनगरांतील शाखांच्या ताब्यावरून जागोजागी निराळे तंटे झाले.