परदेशांतील संशोधन आणि सरकारी शिष्यवृत्ति

घरांतील मुलाला वा मुलीला परदेशीं शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळाली, कीं तिची रक्कम किती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यानें शिष्यवृत्तीची खरी किंमत कळत नाहीं. परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, व तो केव्हां संपेल हें आधीं सांगतां येतें. संशोधनाचें तसें नसतें. एखादें जुनें कागदपत्र हातीं लागावयास सहा महिने जातात. एखादा प्रयोग वर्षभर फसत राहतो. म्हणून संशोधकास पैशाच्या रूपानें खरोखर मिळावयाची वस्तु म्हणजे निश्चिंत वेळ. त्या वेळाची मुदत किती, विषय निवडण्याची मोकळीक किती, आणि परत आल्यावर जागा कोणती, ह्या तीन गोष्टींवर शिष्यवृत्तीचें यशापयश अवलंबून असतें.

ही कल्पना हिंदुस्थानांत जुनी आहे. १८६८ मध्यें सर जॉन लॉरेन्स यांच्या सरकारनें नऊ विद्यार्थ्यांस वर्षाला २०० पौंडांप्रमाणें तीन वर्षें विलायतेंत शिकविण्याची योजना काढली. ती लवकरच बंद पडली. पुढें विद्यापीठांमार्फत सरकारी शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. अशीच एक घेऊन १८९६ मध्यें रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले व १८९९ मध्यें सीनियर रँग्लर झाले. त्यांचा अभ्यास परीक्षेचा होता, म्हणून मुदतीची अडचण पडली नाहीं. आणि परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांची वाट पाहिली जात होती. १९२४ पर्यंत ते तेथें प्रिन्सिपॉल होते.

सगळ्यांच्याच वाट्यास असा योग येत नाहीं. १९१३ मध्यें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं भीमराव आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. शिष्यवृत्ति महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार. ह्या मुदतींत त्यांनीं १९१५ मध्यें एम. ए. ची पदवी घेतली, आणि ९ मे १९१६ रोजीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीवर आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षीं ते लंडनला गेले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. परंतु १९१७ मध्यें शिष्यवृत्ति संपली, आणि काम अर्धें टाकून त्यांना परत यावें लागलें. विद्यापीठानें चार वर्षांच्या आंत येऊन तें पुरें करण्याची सवलत दिली, एवढाच आधार उरला.

कराराप्रमाणें ते बडोद्यास रुजू झाले. पण ज्या संस्थाननें त्यांना समुद्रापार पाठविलें, त्याच्या राजधानींत अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास घर मिळेना. दहा वर्षांची नोकरी थोड्याच दिवसांत संपली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांतील प्राध्यापकीच्या पगारांतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व एका मित्राचें कर्ज घेऊन ते १९२० मध्यें पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्यें डी. एस्सी. पदवी मिळाली, आणि कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्यें. १९१३ मध्यें पेरलेलें बीं पूर्णपणें फळास येण्यास चौदा वर्षें लागलीं. शिष्यवृत्तीनें त्यांतील चारच वर्षें सांभाळलीं.

परत आल्यावर जागा कोणती, हा प्रश्न हरगोविंद खुराना यांच्या चरित्रांतही येतो. १९४५ मध्यें हिंदुस्थान सरकारची फेलोशिप घेऊन ते लाहोरहून लिव्हरपूलला गेले आणि तेथें पीएच. डी. झाले. त्यानंतर एक वर्ष झुरिचला काढून १९४९ मध्यें ते मायदेशीं आले, पण थोड्याच काळांत पुन्हां इंग्लंडला, केंब्रिजला गेले. तेथून १९५२ मध्यें कॅनडास. १९६८ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांचें कार्य अमेरिकेंत चाललें होतें. सरकारचा पैसा वाया गेला असें म्हणतां येणार नाहीं, कारण विद्या जगाची झाली. परंतु ती घरीं रुजली नाहीं, हेंही खरें.

स्वतंत्र भारतांत राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति १९५४-५५ मध्यें सुरू झाली. २०२२-२३ च्या नियमांप्रमाणें अनुसूचित जाति, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठीं वर्षाला १२५ जागा होत्या. वयाची मर्यादा ३५ वर्षें व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. पीएच. डी. साठीं चार वर्षें आणि एम. ए. सारख्या पदवीसाठीं तीन वर्षें मुदत. निर्वाहासाठीं अमेरिकेंत वर्षाला १५,४०० डॉलर, इंग्लंडांत ९,९०० पौंड. महाराष्ट्र सरकारचीही राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं परदेश शिष्यवृत्ति आहे.

मुदतीच्या बाबतींत ही प्रगति निःसंशय आहे. विषयाच्या बाबतींत मात्र २०२२ च्या नियमांनीं एक नवें कुंपण घातलें. भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास आणि भारताविषयींचें सामाजिक अध्ययन ह्या विषयांस ही शिष्यवृत्ति मिळणार नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. भारताच्या अभ्यासाचीं साधनें भारतांतच विपुल आहेत, असें त्याचें समर्थन झालें. तें अगदींच निराधार नाहीं. परंतु कोलंबियांत आंबेडकरांनीं अभ्यासलेले विषय प्राचीन हिंदी व्यापार, जाति आणि हिंदुस्थानची राज्यव्यवस्थेंतील वित्तपद्धति हेच होते. साधनें घरचीं असलीं तरी तीं तपासण्याची दृष्टि परक्या गुरूंच्या सहवासांत व घरच्या दडपणापासून दूर राहून कधीं कधीं अधिक स्वच्छ होते.

तेव्हां अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यानें आणि त्याच्या वडीलधाऱ्यांनीं रकमेच्या आंकड्यावरच थांबूं नये. मुदत वाढवून मिळते काय, विषय बदलतां येतो काय, जामीन कोण राहावयाचा व परतीच्या अटी कोणत्या, हें सारें निघण्यापूर्वींच वाचून घ्यावें. सरकारनेंही तिकिटापाशीं आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. परक्या देशीं शिकलेल्या माणसास घरीं प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि राहावयास घर मिळालें, तरच त्या खर्चाचें चीज होतें.