मुलाचे पाय पाळण्यात दिसतात... आणि हृदय?



यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील गरोदर बायका आणि लहान मुलांच्या पोषणासाठी द्यायचा, असे आपण ठरवले. तेव्हा काही सभासदांनी आम्हाला विचारले, "अहो, आपल्या ओळखीत घरोघरी हृदयविकार शिरलाय. कुणाची अँजिओप्लास्टी, कुणाची बायपास. मग पैसे त्यासाठीच का नाही द्यायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे: हा निधी हृदयविकारासाठीच आहे. फक्त तो आजार दिसायच्या पन्नास वर्षे आधी पोचणार आहे.

हे कोडे वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नर्सबाईंच्या वह्या

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ सालापासून एक शिस्त होती. एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली नर्सबाया घरोघरी जात, बाळाचे जन्माचे वजन वहीत लिहीत आणि बाळ वर्षाचे झाले की पुन्हा वजन करत. कितीतरी वर्षांनी या नोंदी साउदम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले, ते त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ज्यांचे वजन जन्मतः आणि वर्षाचे असताना सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले!

तोवर सगळ्यांची समजूत अशी की हृदयविकार म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार. इथे तर तो लहानपणी ज्यांच्या अंगाला काही लागले नाही, त्यांनाच जास्त गाठत होता.

मग आपल्याकडचे काय? म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्माचे वजन अडीच किलो किंवा कमी होते, त्यांच्यात हृदयविकार ११ टक्क्यांना होता. ज्यांचे वजन ३.१ किलोपेक्षा जास्त होते, त्यांच्यात ३ टक्क्यांना.

पुण्याजवळची सहा गावे

आता आपल्या अगदी घरची गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायकांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन होते जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची. साउदम्प्टनची बाळे सुमारे साडेतीन किलोची.

पण खरे आश्चर्य पुढेच आहे. आपली बाळे किरकोळ दिसत होती, त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण अंगावरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. वरून हडकुळे, आतून चरबीदार! डॉ. याज्ञिकांनी याला 'बारीक-लठ्ठ बाळ' असे नाव दिले आणि ते जगभर गाजले.

हेच मोठेपणीही टिकते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! "मी तर बारीक आहे, मला काय होणार?" असे आपल्यापैकी जे म्हणतात, त्यांनी हा फोटो आठवावा.

याच गावांत असेही दिसले की ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे अंगाने बरी होती. आणि शेतातली, पाणी भरण्याची, घरातली कामे जितकी जास्त, तितके बाळ लहान. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खायचे आणि दिवस भरेपर्यंत राबायचे, ही आपल्याकडच्या कितीतरी बायकांची रीत होती. त्याची किंमत पोटातले बाळ मोजत होते.

पोटात नेमके काय होते?

घरात धान्य कमी असले की आई आधी कुणाला वाढायचे ते ठरवते. पोटातले बाळही तेच करते. रसद अपुरी पडली की मेंदूला आधी आणि इतरांना मागून. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या चाळण्या कमी तयार होतात आणि त्या जन्मानंतर वाढत नाहीत. पुढे रक्तदाब वाढायला हे एक कारण होते. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशी कमी पडतात. स्नायू कमी असल्यामुळे रक्तातली साखर खर्च व्हायला जागा कमी. रक्तवाहिन्यांची लवचीकताही थोडी कमीच राहते.

असे शरीर थोडक्यात भागवायला तयार झालेले असते. जन्मभर थोडक्यातच राहिले तर एक वेळ निभावते. पण पुढे सुकाळ आला, की गाडी बिघडते.

दुष्काळ आणि सुकाळ

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या शहरांत उपासमार झाली. आईच्या पोटात पहिले काही महिने असताना ज्या बाळांना ही झळ लागली, त्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त झाला. जन्मतः त्यांचे वजन नेहमीसारखेच होते, बरं का! म्हणजे नुसत्या वजनावरून सगळे कळत नाही.

आपल्या आई-वडिलांच्या तोंडी ७२ चा दुष्काळ अजून असतो. ती मिलो, ती सुकडी, ती खडी फोडायची कामे. त्या सालात जन्मलेली बाळे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतली काही आज पुण्या-मुंबईत किंवा परदेशात मोटारीत बसून कामावर जातात. सगळ्यांनाच धोका आहे असे मुळीच नाही, पण कमीतून भरपूरकडे एवढी मोठी उडी एका आयुष्यात घेणारी पिढी हीच.

या उडीबद्दल दोन अभ्यास बोलके आहेत. पुण्याच्या केईएममध्ये जन्मलेली मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी असलेल्या मुलांत मधुमेह-हृदयविकाराच्या वाटेवरच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या सुमारे पंधराशे जणांचा अभ्यास २००४ साली आला. तिशीच्या आसपासच ज्यांची साखर बिघडली होती, ते पहिली दोन वर्षे किडकिडीत होते आणि पुढे भराभर अंग धरत गेले होते. लहानपणी कुणी त्यांना लठ्ठ म्हटले नसते. मधुमेह आला की मागोमाग हृदयाचे दुखणे येते, हे तर आपण घरोघरी पाहतोच.

आपण राहतो त्या आयर्लंडलाही हे नवे नाही. आपल्या स्लायगोच्या धक्क्यावर बटाट्याच्या दुष्काळाचे स्मारक आहे, ते आपण येता-जाता पाहतो. पण विसाव्या शतकातली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९४० च्या दशकात इथल्या शहरांत जुलाबाने कितीतरी तान्ही बाळे दगावत. दशकाच्या अखेरीस सरकारने बाळांच्या आरोग्याकडे नेटाने लक्ष दिले आणि शहरांतला बालमृत्यू झपाट्याने उतरला. लियाम डिलेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले की या सुधारणेनंतर जन्मलेले लोक मोठेपणीही जास्त धडधाकट राहिले. बाळपणी केलेला खर्च म्हातारपणी कामी आला!

घरातली हवा

पोषणाखेरीज आणखीही गोष्टी आहेत. दाटीवाटीच्या घरात मुलाचा घसा वारंवार सुजतो. त्यातला एक जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, काही मुलांना सांधे धरणारा ताप देतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. वेळेवर दिलेले पेनिसिलिनसारखे साधे औषध ते टाळू शकते. घरातला सिगारेटचा धूर मुलांच्या रक्तवाहिन्यांनाही बाधतो. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपान बंद केले, असे करणारा तो जगातला पहिला देश. पण स्वतःच्या घरातला कायदा आपणच करायचा असतो. आणि लहानपणी सतत मार, भांडणे, भीती सोसलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार जास्त होतो, हे १९९८ पासून अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत दिसत आले आहे.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. बाळपण हा धोक्याचा एक भाग आहे, नशिबाचा शिक्का नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हात त्याहून मोठा आहे आणि ते आपल्या हातात आहे.

आपल्या जीपीला घरातल्या आजारांचा इतिहास सांगा. आपण जन्मतः फार लहान होतो का, हे आईला विचारा आणि तेही सांगा. ज्या भगिनींना गरोदरपणात साखर झाली होती, त्यांनी ते आवर्जून सांगावे. वजनकाट्यापेक्षा कमरेवर लक्ष ठेवा: आपल्या लोकांत पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावे. छातीत दुखले, दरदरून घाम आला तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच ९९९ किंवा ११२ फिरवा.

बाळ बारीक असले तर घाईने गुटगुटीत करू नका. आजीला फोनवर बाळाचे गाल दाखवायचे असतात, हे खरं, पण पब्लिक हेल्थ नर्स वजनाचा तक्ता भरते, त्याच्याशी मेळ ठेवा. मुलांना हलते-फिरते ठेवा. इथे पाऊस थांबायची वाट पाहिली तर बालपण सरेल! रेनकोट घाला आणि स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर नाहीतर डोर्ली पार्कात न्या. शाकाहारी घरांतल्या मुलींनी बी-१२ तपासून घ्यावे. पुण्याच्या गावांत सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत ते कमी होते.

आणि आपला निधी? मुंबईच्या वस्त्यांत 'सरस' नावाचा एक प्रयोग झाला. बायकांना दिवस राहण्याआधीपासूनच पालेभाज्या, फळे आणि दुधाचा खाऊ रोज दिला. सरसकट पाहता बाळांचे वजन वाढले नाही. पण ज्यांनी तीन महिने किंवा अधिक आधीपासून खाल्ला, त्यांची बाळे थोडी वजनदार झाली आणि गरोदरपणातली साखरही कमी जणींना झाली. धडा असा की मदत लवकर पोचली पाहिजे. बाई गरोदर राहिल्यावर नाही, तर ती मुलगी शाळेत असल्यापासून.

म्हणून मंडळी, पाकिटात पैसे घालताना असे समजा, की पन्नास-साठ वर्षांनी कुठल्याशा इस्पितळात जो पलंग रिकामा राहील, त्याचे भाडे आपण आज भरतो आहोत. त्या पलंगावर कोण झोपणार नव्हते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तरी सढळ हाताने द्या.